कुलमंडळांना खुले पत्र: नावांच्या आधी आधार चढवा

सर्व कुलमंडळांचे अध्यक्ष, चिटणीस आणि कुलवृत्तांत समित्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेक मंडळांनी अलीकडे एक निर्णय घेतला आहे, काही घेण्याच्या बेतात आहेत. कुलवृत्तांताची, म्हणजे कुळाची वंशावळ आणि माहिती देणाऱ्या ग्रंथाची, नवी आवृत्ती छापायची नाही, सगळी वंशावळ इंटरनेटवरच्या सामायिक वंशवृक्षावर चढवायची. छपाईचा खर्च झेपत नाही, तरुण मंडळी जाडजूड ग्रंथ विकत घेत नाहीत, परदेशातल्या कुलबंधूंना घरबसल्या पाहता येतं, ही कारणं मला पटतात. मी स्वतः कुलवृत्तांताच्या संपादनाचं काम केलं आहे आणि फॅमिलीसर्च, जीनी, विकीट्री या वंशवृक्षांच्या संकेतस्थळांवर माझा रोजचा वावर असतो. आपली घराणी तिथे यावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र नावं चढवण्याची घाई नको. ज्या आधारावर आपण ती नावं छापली, तो आधार आधी चढवा. या पत्रात मागणं एवढंच आहे.

ज्यांना या वृक्षांची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण आपल्यापुरती वंशावळ मांडतो तेव्हा त्यातली चूक आपल्यापुरतीच राहते. सामायिक वृक्षात सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष असतो, आणि होऊन गेलेल्या प्रत्येक माणसाचं त्यात एकच पान असावं अशी अपेक्षा असते. तुमच्या पणजोबांचं पान तुम्ही उघडलं आणि चुलत घराण्यातल्या कुणी तेच पुन्हा उघडलं, की ती दोन्ही पानं एकत्र केली जातात. फॅमिलीसर्चवर मृत व्यक्तीचं पान कोणत्याही सभासदाला बदलता येतं. जीनीवर पानांचे व्यवस्थापक असतात आणि वादाच्या पानांवर नजर ठेवणारे क्युरेटर असतात. विकीट्रीवर १७०० सालापूर्वीच्या माणसांच्या पानांना हात लावायचा असेल तर आधी त्यांचे नियम वाचून वेगळी मान्यता घ्यावी लागते.

या पद्धतीची ताकद मोठी आहे. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी जीनीवरची ८ कोटी ६० लाख पानं तपासली, आणि त्यातून एकमेकांशी जोडलेल्या तब्बल १ कोटी ३० लाख माणसांचा एकच वृक्ष निघाला. त्यातली बहुसंख्य माणसं युरोप आणि उत्तर अमेरिकेतली होती. आपल्याकडे शंभर वर्षं कुलवृत्तांत निघताहेत, गोत्र-प्रवर-कुलदैवत-मूळ गाव यांच्यासकट दहा-दहा, बारा-बारा पिढ्या छापलेल्या आहेत, आणि तरीही त्या जगाच्या वृक्षावर जेमतेम दिसतात. ही उणीव भरून निघायलाच हवी.

पण आपल्या छापील कुलवृत्तांतांचा शेवटचा भाग आठवा. आधी मूळ पुरुषापासून निघालेली घराणी क्रमाने येतात, प्रत्येक माणसाला पिढीचा आणि घराण्याचा क्रमांक असतो. आणि मग अगदी शेवटी, बहुतेक वाचक जिथपर्यंत पोचतच नाहीत तिथे, दुवा न लागलेली घराणी असतात. आडनाव तेच, गोत्र तेच, कुलदैवत तेच, गावही शेजारचं, पण मूळ वंशाशी जोडणारा माणूस सापडत नाही, म्हणून वेगळी मांडलेली. माझ्या मते आपल्या कुलवृत्तांतांची खरी थोरवी या पानांत आहे. ज्या संपादकांनी ती लिहिली, त्यांनी शेकडो पोस्टकार्डं धाडली होती, गावोगाव हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं होतं. एखादं नाव मधे घालून दुवा जुळवणं त्यांना सहज जमलं असतं. ते केलं नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून छापलं.

सामायिक वृक्षावर नेमकं हेच पान हरवतं. तिथे सुटं घराणं पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतं. कुणीतरी उत्साही नातू पाहतो, की या सुट्या घराण्याचा पहिला पुरुष महादेव, आणि मुख्य घराण्यात पाचव्या पिढीत एक महादेव आहे, ज्याचा पुढचा वंश लिहिलेला नाही. तो दोघांना एक करतो. हेतू चांगलाच असतो. मग दुसऱ्या संकेतस्थळावरचं कुणी तिथून उतरवून घेतं, तिसरं तिथून. संकेतस्थळांची यंत्रणाही एकमेकांशी जुळणारी पानं शोधून सुचवत राहते. काही काळाने शंका घेणाऱ्याला उत्तर मिळतं, की तीन ठिकाणी हेच आहे, मग चूक कशी असेल? तिन्ही ठिकाणी मूळ एकच असतं, त्या नातवाचा अंदाज. आणि तो अंदाज खोडून काढायला जे कागद लागतात ते मंडळाच्या चिटणिसांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असतात.

आपल्या नावांची पद्धत या गोंधळाला फार सोयीची आहे. आजोबाचं नाव नातवाला, अकाली गेलेल्या थोरल्या भावाचं नाव पुतण्याला. भोसले घराण्यातच पाहा. शहाजीराजांचे थोरले चिरंजीव संभाजी, जे कनकगिरीला पडले. शिवाजी महाराजांचे पुत्र छत्रपती संभाजी महाराज, १६५७ ते १६८९. आणि राजाराम महाराज व राजसबाई यांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी, जे १७६० साली वारले. सव्वाशे-दीडशे वर्षांत एका घरात तीन संभाजी. राजघराणं असल्यामुळे त्यांना कुणी एक करणार नाही. पण एखाद्या खोताच्या किंवा कुलकर्ण्याच्या घरातल्या तीन विसाजींना वेगळं कोण ठेवणार? बापाचं नावही पुष्कळदा आलटून पालटून येतं. विसाजी रामाजी, रामाजी विसाजी, पुन्हा विसाजी रामाजी. दोन विसाजींमधलं साठ वर्षांचं अंतर कागद दाखवला तरच दिसतं.

सनांचंही तेच. कुलवृत्तांतात एखाद्या मृत्यूची नोंद शके १७२० अशी असते. ती इसवी सनाच्या रकान्यात तशीच टाकली की माणूस ७८ वर्षं मागे जातो आणि मग बाप मुलाच्या जन्माआधीच मेलेला दिसतो. मोडी कागदांत तर शुहूर सन, म्हणजे जुन्या दप्तरांतली एक कालगणना, अरबी संख्याशब्दांत येतो. 'सलास खमसैन मया व अलफ' म्हणजे ३, ५०, १०० आणि १०००, एकूण ११५३. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, इसवी १७५२च्या जूनपासून १७५३च्या जूनपर्यंत. ज्याने ही नोंद वाचली त्याने मूळ शब्द आणि आपण केलेलं रूपांतर, दोन्ही पानावर ठेवायला हवीत. नुसतं '१७५२' लिहिलं की पुढच्या माणसाला ते पडताळण्याची सोयच राहत नाही.

१७५२ सालचीच एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण वंशावळीत शंकेला जागा का ठेवायची हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र, साताऱ्याचे छत्रपती शाहू यांना पुत्र नव्हता. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांनी सांगितलं, की आपला नातू, म्हणजे आपला मुलगा दुसरा शिवाजी याचा मुलगा, लहानपणापासून लपवून वाढवला आहे. तोच रामराजा. शाहूंनी त्याला आपला वारस मानलं आणि १७४९ साली शाहूंच्या मृत्यूनंतर तो साताऱ्याच्या गादीवर बसला. पुढच्याच वर्षी त्याने पेशव्यांविरुद्ध जायला नकार दिल्यावर ताराबाईंनी त्याला कैद केलं आणि हा आपला नातू नव्हेच असं जाहीर केलं. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली. रामराजा मात्र १७७७ पर्यंत छत्रपती राहिला.

आता त्याच्या पानावर बापाच्या जागी काय लिहाल? दुसरा शिवाजी लिहिलं तर ताराबाईंची शपथ नाकारली. काहीच लिहिलं नाही तर त्यांचं आधीचं म्हणणं नाकारलं. फक्त शाहू लिहिले तर जन्माचा प्रश्न झाकला गेला. प्रामाणिक वाट एकच. दोन्ही नाती दाखवायची, एक वारस म्हणून घेतल्याचं आणि दुसरं वादग्रस्त म्हणून, आणि कोण कधी काय म्हणालं ते खाली लिहायचं. याची सोय आज आहे. फॅमिलीसर्चवर एका माणसाला आईबापांच्या एकाहून अधिक जोड्या लावता येतात आणि नातं जन्माचं की दत्तकाचं ते नोंदवता येतं. विकीट्रीवर बापाच्या नावापुढे 'अनिश्चित' अशी खूण करता येते. बदल करताना कारण लिहिता येतं आणि केलेले बदल मागे जाऊन पाहता येतात. या सोयी आहेत, पण आपली वंशावळ चढवणारे स्वयंसेवक त्या वापरत नाहीत, कारण मंडळाने त्यांच्या हाती नुसता नावांचा तक्ता दिलेला असतो.

रामराजाचं उदाहरण राजघराण्याचं झालं, पण दत्तक आपल्या घरोघरी आहेत. सयाजीराव गायकवाड जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव, राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलकर घाटग्यांचे यशवंतराव. हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या पणजोबांचे वडील कोकणातल्या कुठल्या घरातून दत्तक आले, हे मात्र अनेकदा फक्त कुलवृत्तांताच्या अर्जावर एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि ती ओळ वृक्षावर चढत नाही.

शिवाय जुनी वंशावळ कुणी, कशासाठी लिहिली हेही सांगायला हवं. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष आपापली वंशावळ पुढे करत. १८५२च्या कायद्यानंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला कैफियतींबरोबर, म्हणजे लेखी निवेदनांबरोबर, वंशावळी दाखल झाल्या. त्या अमोल आहेत, आणि त्या हक्कासाठी लिहिलेल्या आहेत. ज्या शाखेला वाटा द्यायचा नव्हता ती शाखा अशा कागदात नसली तर नवल नाही. वृक्षावर ते नाव चढवताना 'इनाम कमिशनपुढची वंशावळ' एवढे शब्द सोबत असले, तरी पुढच्या संशोधकाला कुठे शंका घ्यायची ते कळतं.

इथवर मी फक्त सावधच करत आले. सामायिक वृक्षाने जे होऊ शकतं आणि छापील कुलवृत्तांताने कधीच होऊ शकलं नाही, तेही सांगायचं आहे. ते आहे बायकांचं.

आपल्या पुस्तकांत एक बाई दोन ठिकाणी असते आणि दोन्ही ठिकाणी अर्धीच असते. माहेरच्या कुलवृत्तांतात एक ओळ: कन्या यमुना, सासर राजापूर. सासरच्या कुलवृत्तांतात दुसरी ओळ: पत्नी लक्ष्मी, माहेर देवरुख. नाव लग्नात बदललेलं. ही एकच बाई आहे हे कळायला दोन मंडळांच्या चिटणिसांनी एकमेकांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचावी लागतील, आणि ते आजवर कुणी केलं नाही. तिच्या मुलांच्या आजोळचा धागा तिथेच तुटतो. जुन्या पुस्तकांत तर कितीतरी बायकांची माहेरची नावंच नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी पत्नी एवढंच. मुलं बापाखाली एका रांगेत, कोणतं मूल कुणाचं ते नाही. वृक्षावर चढवताना स्वयंसेवकाला आईची जागा रिकामी दिसते आणि तो सगळी मुलं पहिल्या पत्नीला लावून टाकतो. बाळंतपणात गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या नावावर सात मुलं लागतात. आणि जिने ती वाढवली तिच्या पानावर एकही नसतं. हे पाहताना मला खरोखर वाईट वाटतं. आई माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवा. माहेरचं नाव माहीत असेल तर दोन्ही नावं द्या, देवनागरीतही द्या, आणि समोरच्या घराण्याच्या मंडळाला पत्र टाका. दोन मंडळांनी बसून आपापल्या लेकीसुनांच्या याद्या ताडून पाहिल्या, तर एका बैठकीत जेवढे दुवे लागतील तेवढे पन्नास वर्षं पुस्तकं छापूनही लागले नाहीत.

आणखी एक नोंद आपल्या जुन्या पुस्तकांत हमखास सापडते, ती म्हणजे परागंदा झालेल्यांची. एखादा मुलगा घरातून गेला, परत आला नाही. त्यांतले काही कुठे गेले असतील? १८३४ पासून मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. मॉरिशसच्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळची दप्तरं आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक, बापाचं नाव, जहाज, जिल्हा, गाव आणि पुष्कळांची छायाचित्रंही आहेत. त्यांच्या पणतवंडांच्या हाती गावाचं नाव असतं, तेही गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. त्यांचं टोक आणि आपलं टोक भेटण्यासाठी सामायिक वृक्षाइतकी चांगली जागा आज नाही. मात्र दोन्ही टोकांना कागद हवेत. नुसत्या गावाच्या आणि बापाच्या नावावर कुणालाही कुणाच्याही घरात बसवलं, तर त्या लोकांची ती फसवणूक होईल.

अर्थात मॉरिशसला गेलेल्या बहुतेक घरांचा छापील कुलवृत्तांतच नाही. म्हणून एक विनंती मोठ्या मंडळांना आहे. आपल्याकडे अनुभव आहे, थोडाफार पैसा आहे, मोडी वाचणारे आहेत. तो अनुभव ज्या समाजांकडे पुस्तकं नाहीत त्यांना द्या. त्यांच्या नोंदी आहेत. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात जन्ममृत्यू आहेत, शाळांची जनरल रजिस्टरं आहेत, वारस नोंदींचे फेरफार आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना ही दप्तरं गावोगाव उघडली गेली, तेव्हा त्यांत किती काय आहे ते सगळ्यांनीच पाहिलं. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी समाजाची माणसं घरोघर येऊन पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ वाचून दाखवतात. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले लेख आहेत. हरिद्वार आणि इतर काही तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांची अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने पूर्वीच मायक्रोफिल्म घेतली होती, म्हणजे हे काम होऊ शकतं. पण त्या वह्या कुणाच्या तरी चरितार्थाचं साधन आहेत. मोबाइल काढून गुपचूप फोटो घेऊ नका. रीतसर विचारा, दक्षिणा द्या, आणि पानावर त्यांचा उल्लेख करा.

हयात माणसांबद्दल थोडक्यात. आपल्या पुस्तकांत जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर, आईचं माहेरचं आडनाव सगळं छापलेलं असतं, आणि ते पुस्तक आपापसांत फिरत असे तोवर चालून गेलं. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ इंटरनेटवर टाकणं थांबवा. सामायिक वृक्ष हयात माणसांची पानं झाकून ठेवतात, पण कुणी हयात आजींना चुकून 'मृत' दाखवलं की त्यांचं पान सगळ्यांना खुलं होतं. २०१८ साली मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाच्या ९ कोटी २० लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचं त्या कंपनीनेच जाहीर केलं होतं. आता आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदाही आहे. हयात व्यक्तीची लेखी संमती नसेल तर नाव चढवू नका.

आणि कोणत्याही एका संकेतस्थळावर भिस्त ठेवू नका. जीनी २०१२ साली मायहेरिटेजने घेतलं, मायहेरिटेज २०२१ साली एका गुंतवणूक कंपनीने घेतलं. त्यात गैर काही नाही, पण आपलं शंभर वर्षांचं काम कुणाच्या हाती जातं ते आपल्या हातात राहत नाही. वंशावळीची जेडकॉम प्रत, म्हणजे एका संकेतस्थळावरून दुसरीकडे नेता येणारी फाइल, मंडळाकडे वेगळी ठेवा. जेडकॉमच्या जुन्या आवृत्तीत देवनागरीची वाट लागू शकते, त्यामुळे २०२१ मध्ये आलेली सातवी आवृत्ती चालत असेल तर तीच वापरा, आणि उतरवून घेतल्यावर उघडून पाहा.

तेव्हा येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या. माहितीचे जुने अर्ज, आलेली पत्रं आणि संपादकांच्या टिपणवह्या स्कॅन करायच्या. ज्या अर्जावर माहिती देणाऱ्याचं नाव, नातं आणि साल आहे तो आधी. सुरुवात शेवटच्या भागातल्या, दुवा न लागलेल्या घराण्यांपासून करा. त्यांच्या कागदांवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे आणि तेच सगळ्यात आधी रद्दीत जातात. हे झाल्यावर नावं चढवायला घ्या, आणि प्रत्येक पानाला त्याचा कागद जोडा. गती कमी होईल. एका वर्षात तीन हजार नावांऐवजी तीनशेच होतील. ती तीनशे कुणाला खोडता येणार नाहीत.

ज्या मंडळाला आपली ट्रंक उघडताना मोडी वाचणारं माणूस हवं असेल, त्यांनी मला जरूर कळवावं. मी येईन, आणि मानधन घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कुलवृत्तांताच्या कामातली एक सहकारी